कॉफीचं दुकान, पूर्व भाग, सोलापूर: कामाच्या नोंदी

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

श्रावणातला पहिला सोमवार, म्हणून आजच किल्ली घेतली. आमच्या सोमवारच्या वचन मंडळात पाच घरं, तळ्यात जाऊन सिद्धेश्वराचं दर्शन झालं की कोणाच्या तरी घरी बसायचं, बसवण्णांसारख्या संतांची दोन-चार कन्नड वचनं म्हणायची आणि शेवटी कॉफी. कॉफी पिता पिता दर वेळी कोणीतरी म्हणणार की असं एक ठिकाण पाहिजे बे, जिथं कोणीही येऊन बसंल, खिशात पैसे असू देत नाहीतर नसू देत. तीन वर्षं नुसतं म्हणणंच चालू होतं. शेवटी घरटी ३०,००० काढले, दीड लाख झाले, आणि अशोक चौकाच्या आतल्या गल्लीत बंद पडलेला यंत्रमागाचा शेड घेतला. डिपॉझिट ५०,०००, भाडं महिना ९,०००.

हाताने काम करायचं आणि त्यातनं येईल ते वाटून खायचं, कायक आणि दासोह म्हणजे आम्हाला एवढंच कळतं. आमच्यात जाणकार कोणी नाही. दोघं रिटायर, एक टेलर, एक शाळेतली बाई, आणि मी अकौंट लिहिणारा, म्हणून या नोंदी माझ्याकडं.

चहा का नाही असं सगळे विचारतात. दहा रुपयाचा चहा प्रत्येक कोपऱ्यावर मिळतोय, आणि आमच्या घरात कन्नड, शेजारी तेलुगू, पाहुणा आला की दोन्हीकडं फिल्टर कॉफीच.

१४ ऑगस्ट

नऊ दिवस नुसती फरशी. वीस-पंचवीस वर्षं मागाचं तेल पिऊन शहाबादी काळीकुट्ट झालेली. एकानं सांगितलं ॲसिड मारा, मारलं. कोणी करू नका. शहाबादी हा चुनखडीचा दगड, ॲसिड पडलं की फसफसतो आणि वरचा थर खाऊन टाकतो. तेल तसंच राहिलं आणि फरशीवर पांढरे खड्डे पडले, त्यातनं आता पाणी साचतंय.

मग शेजारच्या मागवाल्या चाचांनी सांगितलं तसं केलं. लाकडाचा भुसा पसरून रात्रभर ठेवायचा, सकाळी झाडून घ्यायचा, मग धुण्याचा सोडा आणि गरम पाणी, काथ्यानं घासायचं. असं तीन वेळा. चौथ्या दिवशी अनवाणी चाललो तर पाय चिकटंना. खर्च ८,४००, त्यातले साडेतीन हजार त्या ॲसिडवाल्याच्या मजुरीचे, ते पाण्यात गेले.

एक फायदा झाला. माळ्यावर जुन्या लाकडी कांड्यांचं पोतं सापडलं, बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा भरतात त्या. फेकून देणार होतो, टेलर मामा म्हणाले राहू दे. ते पुढं कामाला आलं.

२७ ऑगस्ट

वीज. शेडचं कनेक्शन कारखान्याचं, ते बदलून घ्यायला २३ दिवस लागतात हे जागा घेतल्यावर कळलं. आधी अर्ज, मग जागा, असं करा. वायरिंग धरून १३,७००.

खाद्यपदार्थाची नोंदणी ऑनलाईन केली, छोट्या धंद्याला वर्षाला शंभर रुपये. मंडळात एकाचं म्हणणं होतं की आपण धंदा कुठं करतोय, कशाला नोंदणी. फुकट द्या नाहीतर विकत द्या, चार लोकांच्या पोटात जाणार म्हटल्यावर ती लागतेच.

८ सप्टेंबर, रविवार

पाण्यानं डोकं खाल्लं. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, हे काही नवीन नाही, पण घरी आपण पिंप भरून भागवतो, दुकानाला रोज लागतं. गल्लीत बोअर आहे म्हणून निर्धास्त होतो. मीटर घालून बघितलं तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, १,१४०. त्या पाण्याची कॉफी म्हणजे मिठाच्या खड्यावर कॉफी ओतल्यासारखी.

आरओ बसवला, १६,५००. आता टीडीएस ३८, आणि कॉफी एकदम फिकी, पावडर वाढवली तरी अंगात जीव नाही. पावडर बदलली, दुकानदाराशी वाद घातला, त्याची काही चूक नव्हती. पाणी फार धुऊन निघालं की कॉफीतलं काढून घ्यायला त्यात काही उरत नाही. शेवटी नऊ तांबे आरओचं आणि एक तांब्या बोअरचं, मीटर १५० च्या आसपास आला आणि चव बसली. बोअरचं पाणी कच्चं वापरत नाही, सगळं खळखळून उकळूनच. आरओतनं जे खारट पाणी बाहेर पडतं ते पिंपात धरतो, फरशी पुसायला होतंय.

दुधाचंही तसंच. आम्ही हौसेनं घट्ट म्हशीचं आणलं. साय जमून कॉफी तोंडात लोळायला लागली, डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधनं उतरलेला कॉफीचा अर्क, कुठं गेलं कळंना. आता निम्मं गाईचं. माप असं: २०० ग्रॅम पावडर, चिकोरी वीस टक्के, लिटरभर डिकॉक्शन उतरंल एवढं पाणी, त्या डिकॉक्शनमध्ये ३३-३४ कप. बारीक दळलेली आणू नका, फिल्टर तुंबतो आणि वरनं दाबायचा मोह होतो. दाबलं की कडू.

१५ सप्टेंबर, रविवार

उघडलं. गणपती चालू, बाहेर स्पीकर, आत आम्ही पाच जण इस्त्रीचे कपडे घालून.

एकूण खर्च लिहून ठेवतो. डिपॉझिट ५०,०००, फरशी ८,४००, वीज १३,७००, काउंटर आणि बाकडी ३१,०००, आरओ १६,५००, शेगडी-फिल्टर-पेले २२,३००, रंग आणि पाट्या ९,२००. बेरीज १,५१,१००. अकराशे वर गेले, ते बाईंनी दिले आणि वहीत लिहू नका म्हणाल्या. लिहिले.

दारातनं आत शिरलं की समोर सिद्धेश्वर महाराजांचा मोठा फोटो, समई, आणि डाव्या भिंतीवर बसवण्णांचं वचन रंगवून घेतलं, कन्नडमधनं आणि खाली मराठी अर्थ. हा कोणाचा, हा कोणाचा असं नको विचारायला लावू देवा, हा आमचाच असं म्हणू दे, ते वचन. पैशाची पद्धत अशी की काउंटरवर काचेची पेटी, इच्छेप्रमाणे टाका, वीस रुपये टाकले तर आमचं भागतं असं लिहिलंय.

पहिल्या दिवशी १३४ कप. त्यातले शंभर तरी आमचेच पाहुणे.

१९ सप्टेंबर

पाहुणे संपले. आज ३८ कप.

दुपारी तीनच्या सुमाराला गल्लीतनं बिडी कारखान्यात माल देऊन येणाऱ्या बायका जातात, डोक्यावर नाहीतर कमरेवर टोपली. आम्ही हे दुकान मनात धरलं तेव्हा डोळ्यासमोर त्याच होत्या. रोज दारापाशी हळू होतात, आत बघतात, पुढं जातात. मी बाहेर जाऊन हात जोडून या अक्का, या म्हणालो तर आणखी भरभर गेल्या.

३० सप्टेंबर, सोमवार

आज एक अक्का थांबली. आत नाही आली, उंबऱ्यापाशी चप्पल काढून उभी. म्हटलं अक्का चप्पल घालून या, हे दुकान आहे. तिनं फोटोकडं बघितलं, समईकडं बघितलं, आणि म्हणाली, "देवाचं हाय न्हवं. आमच्या अंगाला तंबाखूचा वास येतो, चालतंय का तुमच्या देवाला?"

मला उत्तर सुचलं नाही. चालतंय, चालतंय असं दोनदा म्हणालो. तिनं कॉफी बाहेरच घेतली, पेला पदरानं पुसून परत दिला आणि पेटीत पाच रुपये टाकायला हात वर केला तर पोचंना. काउंटर ४२ इंची. हॉटेलात असतो तसा करून घेतलेला, सुताराला आम्हीच माप दिलं होतं. पाच रुपये तिनं माझ्या हातात ठेवले.

रात्री पाचही जण बसलो. मी वचनाच्या भिंतीसमोर बसलेलो आणि पहिल्यांदाच खालची पाटी नीट वाचली. वचनाखाली आम्हीच लावलेली पाटी: कृपया जागा अडवून बसू नये. बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत. मोठ्याने बोलू नये. शांतता राखा. वर देवाला सांगतोय हा आमचाच म्हणू दे आणि खाली त्यालाच दम देतोय. बाई हसायला लागल्या ते थांबंनात.

पाटी काढली.

१५ ऑक्टोबर

पहिल्या महिन्याचा हिशोब. कप १,५८६. पेटीत १३,४२०, म्हणजे कपाला साडेआठ रुपये. खर्च: भाडं ९,०००, कामाला ठेवलेल्या पोराचा पगार ९,०००, दूध-पावडर-साखर १६,७००, गॅस ३,७००, लाईट २,१५०, पाणी १,४००. एकूण ४१,९५०. तोटा २८,५३०.

तोट्याचं वाईट वाटलंच, पण पेटीचा खेळ जास्त टोचला. काचेची पेटी काउंटरवर, समोर आमच्यातलं कोणीतरी उभं. ज्याच्याकडं नाहीत तो दोन रुपयाचं नाणं मुठीत झाकून टाकतो आणि पुढच्या वेळी येत नाही. ज्याच्याकडं आहेत तो देवस्थानची कॉफी समजून रुपया टाकून नमस्कार करून जातो. त्यात भर म्हणजे फोनवरनं पैसे घ्यायला तो बोलणारा डबा बसवलेला, "पाच रुपये प्राप्त झाले" असं अख्ख्या शेडला ओरडून सांगतो. एका म्हाताऱ्या मास्तरांनी पाच पाठवले, डबा बोलला, सगळ्यांनी मान वळवली. मास्तर तेव्हापासून दिसले नाहीत.

दुसरी गोष्ट आमच्या सेवेकऱ्यांची. रविवारी मंडळातली जास्तीची माणसं येतात वाढायला. एक काका प्रत्येक टेबलावर जाऊन प्रेमानं विचारतात, कुठले तुम्ही, आडनाव काय. सोलापुरात आडनाव विचारलं की पुढचं सगळं न विचारता कळतं, आणि विचारणाऱ्याला ते कळलंय हे सांगणाऱ्यालाही कळतं. काकांच्या मनात काही नाही, खरंच नाही, पण एक पोरगं आडनाव सांगून अर्धी कॉफी ठेवून उठलं. काकांना मी भिंतीकडं बोट दाखवलं. ते चिडले, आठ दिवस आले नाहीत. बोट दाखवायला नको होतं, चहाला बाहेर नेऊन सांगायला पाहिजे होतं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

सुट्टीचा दिवस, सगळं उचकटलं.

काउंटर कापून ३० इंचावर आणला, सुताराचे २,२००. समोरच्या दारातनं फोटो दिसतो म्हणून मंदिर वाटतं, तर फोटो आत शेगडीच्या वर घेतला, जिथं काम करणाऱ्याला दिसेल. समईही तिथंच. यावर मंडळात मतदान झालं, तीन विरुद्ध दोन. आमच्या घरातलं मत विरोधात होतं, माझी आईच, तिला अजून पटलेलं नाही. बाजूचं बंद दार, जिथनं पूर्वी सुताची गाठोडी आत यायची, ते उघडलं. ते थेट त्या बायकांच्या वाटेवर आहे, उंबरा नाही, आणि आत शिरल्या शिरल्या टोपली ठेवायला गुडघ्याएवढा कट्टा बांधला.

आणि कांड्या. पोत्यातल्या चांगल्या १४० निघाल्या, पॉलिश पेपरनं घासून घेतल्या. दोन्ही दारांपाशी एकेक टोपली, शेजारी पेटी, आता लाकडाची आणि तोंड भिंतीकडं, बाजूला सुट्ट्याची वाटी आणि क्यूआर. आत येणाऱ्यानं कांडी घ्यायची, पेटीत काय टाकायचं ते टाकायचं नाहीतर नाही टाकायचं, कांडी काउंटरला द्यायची, कॉफी घ्यायची. काउंटरवरच्याला कोणी किती टाकले दिसतच नाही. बोलणारा डबा काढून टाकला. ज्याला दुसऱ्याचे द्यायचेत तो पेटीत जास्त टाकेल, त्याची वेगळी पाटी नाही, नाव नाही, फळा नाही.

सेवेकऱ्यांना तीनच गोष्टी सांगितल्या: या म्हणा, एकदाच म्हणा, नाव-गाव विचारू नका.

२४ नोव्हेंबर

महिना झाला. कांड्यांची पद्धत चालली, पण सरळ नाही. पहिले चार दिवस लोक कांडी हातात घेऊन विचारत होते, हिचं काय करू. एकानं कॉफी ढवळली. पोरं खेळायला घेऊन गेली. कॉलेजची तिघं रोज तीन-तीन कांड्या घेतात आणि एक पैसा टाकत नाहीत, आमचा पोरगा रोज मला सांगतो, दादा ती परत आलीत बे. ती अजून येतात. पद्धत मोडायची नाही असं ठरलंय, म्हणून गप्प बसतो, पण राग येतो.

बायका यायला लागल्या. त्या अक्काच आधी आल्या, बाजूच्या दारातनं, टोपली कट्ट्यावर ठेवली आणि बसल्या, दुसऱ्या दिवशी चौघी, आता दुपारी तीन ते चार दोन बाकडी त्यांची. मोठ्यानं बोलतात, तेलुगूत, कोण कुणाला काय म्हणालं ते सगळं. त्यांनीच सांगितलं की तुमच्या पेल्याला पोळतंय, खाली वाटी का देत नाही. फिल्टर कॉफी डबऱ्यात देतात हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही, पैसे वाचवायला घेतले नव्हते. ६० डबरे आणले.

या महिन्यात रोज साधारण ८५ कप, कपाला पावणेसोळा रुपये. पावडर महागली, ६४० ची ७६० झाली. तोटा सतरा हजाराच्या घरात.

२ डिसेंबर, सोमवार

नुसत्या कॉफीवर भाडं निघत नाही, हे मान्य करायला अडीच महिने लागले. गल्लीतल्या दोघी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करतात, त्यांचा माल ठेवला, त्याला ठरलेली किंमत, तिथं इच्छा-बिच्छा नाही. त्यांचे पैसे रोज संध्याकाळी रोख, आपलं महिन्याला बघू. पहिल्या आठवड्यात चटणी उघड्या बरणीत ठेवली, वाफेनं ओल धरली, दोन किलो टाकून द्यावी लागली. ती भरपाई आमची, त्यांची नाही.

१८ जानेवारी २०२५

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. चार दिवस झोप नाही.

ठरवलं होतं की अक्षतेच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या दिवशी नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, बघायला येणाऱ्यांना रस्त्यावर कॉफी वाटायची. सात नंदीध्वज, बाराबंदी, म्हणजे बंदांचा पांढरा सदरा, घातलेली हजारो माणसं, सकाळपासून उभी असतात. दोन हजार कप म्हणजे आमच्या फिल्टरवर होणं शक्य नाही, म्हणून पोटलीची कॉफी ठरली. कापडात पावडर बांधून उकळत्या पाण्यात सोडायची. टेलर मामांनी गिरणीतनं नवीन कापड आणलं, छान मोठ्या पोटल्या शिवल्या, पहाटे चारला सोडल्या. साडेचारला पातेल्यात बघतो तर कॉफी नाही, चिकट लापशी, पळीवरनं तार धरतेय.

खळ. नव्या कापडाला खळ असते, आणि आम्ही सोलापूरची माणसं, निम्म्या गावानं सूत खळीत बुडवून आयुष्य काढलं, आणि एकालाही कापड आधी धुवायचं सुचलं नाही. चार किलो पावडर आणि तीन तास गेले. मामा कोणाशी बोलेनात. शेवटी शेजारचे चाचा घरातली जुनी धुतलेली धोतरं घेऊन आले, त्यांच्या वडलांची, मऊ झालेली, ती फाडून पोटल्या केल्या आणि साडेआठला पहिली खेप निघाली. अकराशे कप झाले, दोन हजार नाहीत. मिरवणुकीतल्या एकानं पिऊन विचारलं, कोणाची कॉफी आहे ही? मामा म्हणाले, चाचांच्या अब्बांची.

चाचांनी मग बसल्या बसल्या बाबा बुडनांची गोष्ट सांगितली. येमेनमधनं सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या असं सांगतात, आणि तिकडं सूफी लोक रात्रभर जप करायला जागं राहावं म्हणून कॉफी प्यायचे. "कॉफी आमच्याकडनंच आली तुमच्याकडं," चाचा म्हणाले, "खळ तेवढी तुमची."

१ मार्च, शनिवार

फेब्रुवारीचा हिशोब. कप ३,०५०, पेटीत आणि फोनवर मिळून ५४,९००, म्हणजे कपाला अठरा. भाकरी-चटणीचे आपले ६,२००. खर्च: भाडं ९,०००, पोराचा पगार आता १०,०००, माल ३३,५००, गॅस ७,४००, लाईट २,५००, पाणी २,४००, एकूण ६४,८००. तोटा ३,७००, घरटी ७४०. आई म्हणाली फोटो परत दारात लाव, निघंल. मंडळात विषय ठेवलाय.

मास्तर परत आले. बाजूच्या दारातनं. मी काउंटरवर होतो, त्यांनी कांडी दिली, कॉफी घेतली, वर्तमानपत्र मागितलं. मी वर्तमानपत्र दिलं.

काका रविवारी येतात, या म्हणतात आणि मग दोन्ही हात मागं बांधून उभे राहतात. विचारायचं तोंडावर येतं ते दिसतं.

आज चंद्र दिसला, उद्यापासून रोजे. आपण आठला बंद करतो, आणि मागावरची बरीच माणसं रोजा सोडून, नमाज करून त्यानंतर मोकळी होतात. महिनाभर दहापर्यंत उघडं ठेवायचं ठरलं, पोराला जास्तीचे दोन तास वेगळे द्यायचे, दुसरं डिकॉक्शन साडेसातला लावायचं. सकाळचं संध्याकाळपर्यंत ठेवू नये, या उकाड्यात आंबूस होतं, काल तसं झालंय.

कांड्या मोजल्या, ९७. जुन्या बाजारात बघून आलो, लाकडी मिळत नाहीत, सगळ्या प्लास्टिकच्या. चाचांच्या माळ्यावर एक पोतं आहे म्हणतात, सोमवारी जायचंय.